कॅन फुगलेला दिसल्यास

चौकशीत मला बरेच प्रश्न विचारले गेले. नाव, वय, नोकरीची वर्षं, शिक्षण. त्यांत खरा प्रश्न एकच होता : कासिल्दा कोल्केनं कॅनला हात लावण्याआधी तुम्हाला कळवलं होतं का? त्याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. मी तीन शब्द वापरले.

मी बोलिव्हियातल्या, उंच पठारावरच्या ओरुरोच्या इस्पितळात एकतीस वर्षं भांडार सांभाळलं. भांडार म्हणजे डायलिसिस विभागामागची पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. सलाइनचे खोके, नळ्या, हातमोजे, आणि दाराजवळच्या सगळ्यांत खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, आम्लाचे पाच-पाच लिटरचे पांढरे कॅन. त्या आम्लाला एक लांबलचक नाव आहे. आम्ही नुसतं आम्ल म्हणायचो. वास व्हिनेगरसारखा, पण कितीतरी पट उग्र, नाकातून थेट डोळ्यांत जाणारा. पेशंटचं रक्त ज्या फिल्टरमधून फिरवतात तो आमच्याकडे एकदा वापरून फेकत नाहीत. त्यावर पेशंटचं नाव लिहितात, धुतात, या आम्लानं निर्जंतुक करतात आणि त्याच माणसाला पुन्हा लावतात. हे धुण्याचं काम कासिल्दाकडे होतं.

आम्ल नुसतं ठेवून दिलं तरी स्वस्थ बसत नाही. त्यातून सारखा थोडा थोडा वायू सुटत असतो. म्हणून कॅनच्या निळ्या झाकणाच्या मधोमध सुईनं पाडल्यासारखं एक छिद्र असतं. वायू तिथून निघून जातो. आमच्या उंचीवर सावलीत कुडकुडायला होतं आणि पत्र्याखाली भाजून निघायला होतं. दुपारी छप्पर तापलं आणि खोलीत कुणी बोलत नसलं, की त्या छिद्रांतून येणारे बारीक सुस्कारे मला टेबलाशी ऐकू यायचे. मला ती सोबत वाटायची. माझ्यासारख्या माणसाला तेवढी पुरते.

पहिले कॅन आले तेव्हा त्यांच्यासोबत ब्राझीलमधलं एक जाड पुस्तक आलं होतं. मला पोर्तुगीज येत नाही. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते महिनाभर वाचलं आणि त्यातून चार नियम काढून, टाइप करून दारावर लावले. कॅन नेहमी उभा ठेवावा. झाकणावरचं छिद्र कशानंही झाकू नये. एकदा ओतलेलं आम्ल पुन्हा कॅनमध्ये टाकू नये. आणि चौथा : कॅन फुगलेला दिसल्यास त्यास हात लावू नये, भांडारपालास कळवावे.

तो कागद लोकांना दाराचा रंग वाटत असावा. वाचला तो एकट्या कासिल्दानं. ती नोकरीला लागली त्याच आठवड्यात माझ्यासमोर उभी राहिली. तेव्हा चौथ्या नियमात ‘हाताळणी टाळावी’ असं होतं.

“डॉन अनसेल्मितो, हे कोणासाठी लिहिलंय? बिशपसाठी?” ती म्हणाली. “आमच्यासाठी असेल तर ‘हात लावू नये’ लिहा.”

मी लिहिलं. माझ्या लिखाणात कुणी सुचवलेली ती पहिली आणि शेवटची दुरुस्ती. ती मला ‘अनसेल्मितो’ म्हणायची, लहान मुलाला म्हणावं तसं, आणि मला ते आवडायचं. तिच्या बापाच्या वयाचा होतो मी. तिला दोन मुली होत्या. नवरा चिलीला गेला तो तिकडचाच झाला. कार्निव्हलला ती मोरेनादाच्या जथ्यात नाचायची, आणि वर्षभर फिल्टर धुताना पायांचा ठेका चालू असायचा. रबरी बुटांतला.

त्या वर्षी जानेवारीत नवे संचालक आले. डॉक्टर उर्किदी, ला पासचे. देखणे, मोकळे, सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकणारे. अशा माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

कार्निव्हलच्या शुक्रवारी आमच्याकडे कामाच्या जागेची शिंपण होते. कचेरी असो, दुकान असो, खाण असो. धरणीमायला पेय द्यायचं, कोपऱ्यांत शिंपडायचं, रंगीत कागदाची फुलं आणि लांब फिती उधळायच्या, धूप घालायचा. इस्पितळात हे डोन्या तोमासा करायच्या, साफसफाईवाल्या, माझ्याच वयाच्या. दरवर्षी त्या भांडाराच्या उंबऱ्याबाहेर चार थेंब जमिनीवर सांडायच्या, आत डोकावून म्हणायच्या, “तुमच्या बाटल्यांना उरलेलं वर्ष सुखाचं जावो,” आणि पुढे जायच्या. आत येत नसत. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या वर्षी त्यांच्यामागे डॉक्टर उर्किदी होते, त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं, आणि एकाच्या हातात कॅमेरा. हे भांडारच तर इस्पितळाचं काळीज आहे, डॉक्टर म्हणाले, ते कोरडं कसं ठेवता? डोन्या तोमासांच्या हातात धगधगत्या निखाऱ्यांचं मडकं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आत नेऊ का हो, डॉन अनसेल्मो? तुम्ही सांगा. तुम्हाला कळतं यातलं.”

मी म्हणालो, निखारे नकोत, निखारे बाहेरच ठेवा. एवढं बोलायला मला किती कष्ट पडले ते कसं सांगू. माझा आवाज चिरका निघाला आणि कुणीतरी मागे हसलं. डॉक्टरही हसले, पण प्रेमानं. म्हणाले, भांडारपालांचा हुकूम, निखारे बाहेर. त्या एका वाक्यात माझी त्या दिवसाची सगळी हिंमत संपली. पुढे जे झालं ते मी भिंतीला पाठ लावून पाहिलं.

डॉक्टरांकडे गोड सायडरची, सफरचंदाच्या दारूची, बाटली होती. त्यांनी ती आधी जमिनीवर ओतली, रीतीप्रमाणे. मग कोपऱ्यांत. मग कॅमेरावाला म्हणाला, इथे अंधार आहे, दाराशी या. आणि दाराशी कॅन होते. डॉक्टरांनी एकेका कॅनच्या माथ्यावर सायडरची धार धरली, त्यावर मूठ मूठ कागदी फुलं टाकली, मानेभोवती फिती गुंडाळल्या. बारा कॅन होते. ओल्या कागदाचा लगदा निळ्या झाकणांवर बसला. फोटो निघाला. दुसरा नियम डॉक्टरांच्या डोक्यामागे, दारावर होता. फोटोत तो नक्की आला असणार.

सगळे अंगणात जेवायला गेले. मी मागे राहिलो आणि फडकं ओलं केलं. तेवढ्यात डॉक्टर मला न्यायला परत आले. माझ्या हातातलं फडकं त्यांनी काढून घेतलं, खांद्यावर हात टाकला.

“शिंपण पुसतात का कुठे? मी ला पासचा असून मला कळतं. नशीब पुसाल सगळ्यांचं.”

ते खोटं नव्हतं. फिती काढायच्या नसतात, आपोआप गळून पडू द्यायच्या असतात. पण दारात उभ्या असलेल्या डोन्या तोमासा हळूच म्हणाल्या की फिती राहू द्या, तोंड तेवढं पुसून घ्या, त्यानं धरणीमाय रागावत नाही. हे त्या मला म्हणाल्या, डॉक्टरांना नव्हे. मी ऐकलं. डॉक्टरांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर अंगणात गेलो, आणि पोटभर जेवलो.

डायलिसिस सुट्टीतही बंद नसतं. चार दिवस पुरेल एवढं आम्ल मी गुरुवारीच कासिल्दाच्या खोलीत देऊन ठेवलं होतं. भांडाराची किल्ली माझ्या खिशात होती. शनिवारी जथे निघाले तेव्हा मी घरीच होतो, वाचत. रविवारी दुपारी मला चैन पडेना. पत्रा तापला असेल असं वाटलं. मी कोट घातला, कोपऱ्यापर्यंत गेलो. रस्ता नाचणाऱ्यांनी भरला होता आणि बाकांच्या रांगांनी अडवला होता. वळसा घालून गेलो असतो तर वीस मिनिटं लागली असती. मी पाच मिनिटं बॅण्ड ऐकला आणि परत फिरलो. सोमवारी आणि मंगळवारी मी स्वतःला सांगितलं की छिद्र इतकं बारीक असतं, कागद काही चिकटून राहायचा नाही, वाळून पडला असेल. कोरडा कागद पडतो, हे खरं. साखरेत भिजून वाळलेला कागद काय करतो हे लहान मुलालाही माहीत असतं.

बुधवारी सकाळी मी भांडार उघडलं आणि पाठोपाठ कासिल्दा आली. कपाळावर चर्चमधल्या राखेचा क्रूस, नाचून नाचून आवाज बसलेला. तिच्याकडचं आम्ल संपलं होतं. मी पावती लिहीत होतो तोवर ती फळीपाशी गेली आणि तिथेच थांबली. मग माझ्या टेबलाशी आली.

“एक कॅन फुगलाय,” ती म्हणाली. “कडेचा. पोटुशी बाईसारखा दिसतोय. मी हात लावलेला नाही, नियम चौथा. आता तुम्ही सांगा.”

मी जाऊन पाहिला. खरंच फुगला होता. बूड गोल होऊन कॅन ट्रेमध्ये डुलत होता. झाकणावर गुलाबी-हिरवा पापुद्रा, चकाकणारा. बाकीचेही थोडेथोडे फुगले होते. काय करायचं हे मला ठाऊक होतं. दार उघडं टाकायचं, सगळ्यांना दूर काढायचं, खोलीत कुणालाही जाऊ न देता अग्निशामक दलाला बोलवायचं. पण तसं केलं असतं तर पेशंट खोळंबले असते, दल आलं असतं, डॉक्टर उर्किदी आले असते, आणि झाकणावर हे काय आहे असं कुणीतरी विचारलं असतं. आणि समजा मी चुकत असलो तर? मी काही रसायनशास्त्रज्ञ नाही. मी कासिल्दाला म्हणालो, थांब, पुस्तकात बघून सांगतो.

ती गेली. मी पुस्तक काढलं, शब्दकोश काढला. तो भाग मी पूर्वी वाचला होता, खुणेची चिठ्ठीही होती. तरी मी प्रकरणाच्या सुरुवातीपासून वाचायला बसलो. माझ्या टेबलाच्या खणात संरक्षक चष्मा होता, इस्पितळातला एकुलता एक. हरवतो म्हणून मी तो कुलपात ठेवायचो आणि मागेल त्याला सही घेऊन द्यायचो. पुस्तकात त्या चष्म्याचं चित्र होतं. मी ते पाहिलं आणि पान उलटलं.

अर्ध्या तासानं ती पुन्हा आली. पहिल्या पाळीचे पेशंट खुर्च्यांत बसले होते. डॉन इलारियो, खाणीतून निवृत्त झालेले, डायलिसिसविना दोन दिवस गेले की त्यांच्या छातीत पाणी चढायचं. त्यांचा फिल्टर तयार नव्हता.

“डॉन अनसेल्मितो, झालं का वाचून? म्हातारा निळा पडतोय.”

“दोन मिनिटं,” मी म्हणालो.

“त्यातल्या त्यात सरळ असलेला एखादा कॅन उचलू का? मधला?”

मी मान वर न करता म्हणालो की थांब, बघतो. ती जरा वेळ उभी राहिली. रबरी बुटांचा आवाज मला ऐकू येत होता. त्यात ठेका नव्हता. ती फळीकडे गेली. नंतर तिनंच सांगितलं की तिनं फुगलेल्याला हात लावलाच नाही. शेजारच्याच्या झाकणावरचा कागद ती नखानं खरवडत होती, छिद्र मोकळं करायला, तेवढ्यात कडेचा आपण होऊन फुटला.

आवाज मोठा नव्हता. दार आपटल्यासारखा. वासानं मला कळलं.

तिला नळाखाली धरणारे हात माझे नव्हते, डोन्या तोमासांचे होते. वीस मिनिटं त्यांनी तिचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं, शिव्या देत, रडत. मी मध्ये उभा होतो. अजून बोट पुस्तकात होतं. त्या पाण्यामुळे तिचा उजवा डोळा वाचला. डावा गेला.

डॉक्टर उर्किदींनी मला चौकशीच्या आदल्या दिवशी बोलावलं. दारावरचा माझा कागद त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी मला कॉफी दिली. म्हणाले की या कागदानं इस्पितळाची लाज राखली, डॉन अनसेल्मो; लेखी सूचना होती, बाईनं ती वाचली होती, तरी ती फळीशी गेली. तुम्ही तुमचं काम चोख केलंत. निवृत्तीला किती, पाच महिने राहिलेत ना? मग म्हणाले की बाई म्हणते तिनं तुम्हाला आधी सांगितलं होतं. ते तसं असेल तर प्रश्न वेगळा होतो. मग अर्धा तास तुम्ही काय करत होतात, तेही आलं. आणि झाकणं कशानं बंद झाली, तेही येईल. पण इतक्या धक्क्यातून गेलेल्या बाईला नेमकं काय आठवत असणार?

त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नाही. हे मी त्यांच्या बाजूनं म्हणत नाही. त्यांना सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा एक तरुण वकील आला. त्यानं चारही नियम मोठ्यानं वाचले. दुसरा वाचला तेव्हा डॉक्टर खिडकीकडे पाहत होते. वकिलानं तिथे क्षणभर बोट ठेवलं, आणि मग पुढे वाचलं. चौथा वाचून त्यानं मला तो प्रश्न विचारला. माझ्या मनात दोन दिवस तयार केलेलं एक लांब वाक्य होतं. त्यात सायडर होतं, कागदी फुलं होती, फडकं होतं, पुस्तक होतं. ते फार चांगलं वाक्य होतं. मी म्हणालो, “मला आठवत नाही.”

वकिलानं ते लिहून घेतलं आणि अक्षर नीट आलंय का पाहिलं. अहवालात पुढे आलं की धूळ बसून छिद्र बुजलं असावं, आणि कर्मचारी स्त्रीनं लेखी सूचना डावलून कॅन हाताळला. ‘हाताळला’ हाच शब्द होता.

कासिल्दा आली ती जूनमध्ये, कडाक्याच्या थंडीत, तिचा कप आणि रबरी बूट न्यायला. तिला कामावरून कमी केल्याचं पत्र गेलं होतं. डोळ्यावर पट्टी नव्हती, काळा चष्मा होता. गालावरची कातडी ताणून शिवल्यासारखी. नाचता येतं का असं विचारायचं माझ्या मनात आलं. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

भांडाराच्या दारावर माझे नियम आता काचेच्या चौकटीत होते. डॉक्टरांनी करून घेतलं होतं ते, खाली माझं नाव घालून, आणि प्रांतातल्या सगळ्या इस्पितळांना त्याच्या प्रती पाठवल्या होत्या. ती चौकटीसमोर उभी राहिली. वाचायला मान जरा तिरकी करावी लागत होती.

“चौथा म्हणून दाखवा,” ती म्हणाली. “मला या बाजूनं काच चमकते.”

मी म्हटला. कॅन फुगलेला दिसल्यास त्यास हात लावू नये, भांडारपालास कळवावे.

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

“भांडारपालानं काय करायचं, ते?”

“ते लिहिलेलं नाही.”

तिनं मान हलवली, एखादा हिशोब जुळल्यासारखी. मला वाटलं ती आता बोलेल. मी उभा होतो, काहीही ऐकून घ्यायला तयार होतो, मला ते हवंच होतं. पण तिनं बूट काखोटीला मारले, कप कोटाच्या खिशात घातला, आणि डावा हात भिंतीला लावत, खांब कुठे येतो ते चाचपत, अंगण ओलांडून गेली. जाताना तिनं मला ‘येते, सेन्योर’ म्हटलं. नाव नाही, काही नाही.

ती गेल्यावर मी पेन घेतलं. चौथ्या नियमाखाली दोन ओळींची जागा होती. कळवल्यावर भांडारपालानं ताबडतोब काय करावं ते दोन ओळींत बसलं असतं. शब्द मला ठाऊक होते. मी चौकट काढायला गेलो. ती चारी बाजूंनी दाराला स्क्रूनं पक्की केलेली होती, आणि स्क्रूड्रायव्हर कुणाकडे असतो हे विचारायला मला कुणाच्या तरी दारात जावं लागलं असतं.